ऐन ओव्हरला चकरी फिरते तेव्हा: लाइव्ह मॅच पाहताना या चुका टाळा

१० जुलै २०१९. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर न्यूझीलंड. धोनी दुसऱ्या धावेसाठी पळाला आणि गप्टिलची थेट फेक स्टंपांवर बसली. त्या दिवशी हॉटस्टारवर एका वेळी पाहणाऱ्यांचा आकडा २.५३ कोटींपर्यंत गेला होता. धोनी बाद झाला आणि त्यातल्या असंख्य लोकांनी जवळजवळ एकाच क्षणी बॅकचं बटण दाबलं. ॲप चालवणाऱ्यांच्या दृष्टीने खरा धोका तिथे असतो. मॅचचा व्हिडिओ जागोजागच्या सर्व्हरवरून वाटला जातो, ते बराच ताण सोसतात. पण बॅक दाबलं की माणूस होम पेजवर येतो. तिथे लॉगिन तपासलं जातं, प्लॅन तपासला जातो आणि प्रत्येकासाठी वेगळी यादी तयार होते. ते काम एकदम कोटभर लोकांसाठी करायची वेळ आली की ॲप कोलमडू शकतं.

हे आधी सांगितलं, कारण आपण सगळे करतो ती सर्वांत मोठी चूक यातच आहे.

चित्र अडकलं की ॲप बंद करून पुन्हा उघडणं

चकरी फिरू लागली की हात आपसूक बॅककडे जातो. पण चित्र अडकलं असतं तेव्हा बहुधा व्हिडिओचा पुढचा तुकडा यायला उशीर झालेला असतो, एवढंच. ॲप बंद केलं की तुम्ही दाराबाहेर येता आणि त्याच गर्दीत पुन्हा रांगेत उभे राहता. काहीजण तर लॉगआउटच करतात. मग ओटीपी मागितला जातो, तो येत नाही, आणि तोवर दोन ओव्हर संपतात.

दहा-पंधरा सेकंद थांबा. नाही सुटलं तर क्वालिटी 'ऑटो'वरून काढून ४८० करा. फोनवर पाहत असाल तर एअरप्लेन मोड चालू करून लगेच बंद करा, नेटवर्कची जोडणी नव्याने होते. ॲप बंद करणं हा शेवटचा उपाय, आणि लॉगआउट तर मॅच चालू असताना करूच नका.

दोष कुणाचा हे न पाहताच राउटर बडवणं

कराडला माझे बाबा एकटे राहतात. मॅच अडकली की त्यांचा मला पुण्याला फोन येतो, आणि पूर्वी मी दर वेळी तेच सांगायचो, "राउटर बंद करून चालू करा." निम्म्या वेळा राउटरचा काही संबंध नसायचा. त्यात पाच मिनिटं जायची, बाबा थकायचे, वैतागायचे. आता आम्ही आधी दोनच गोष्टी पाहतो. त्याच वायफायवर दुसरा कुठलाही व्हिडिओ नीट चालतो का? आणि वायफाय बंद करून फोनच्या डेटावर तीच मॅच चालते का?

दुसरा व्हिडिओही अडकत असेल तर दोष घरच्या नेटचा. व्हिडिओ चालतो पण मॅच दोन्हीकडे अडकते, तर दोष ॲपचा. मग घरातलं काहीही हलवू नका. आणि मॅच फोनवर छान चालते पण टीव्हीवर नाही, तर दोष टीव्हीचा. हा तिसरा प्रकार मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच जास्त निघाला.

टीव्हीला दोष नसतोच असं धरून चालणं

स्वस्तातल्या स्मार्ट टीव्हीत मेमरी अगदी बेताची असते. वर्षभरात त्यात दहा ॲप जमतात, जागा भरते आणि मॅचचं ॲप अर्ध्यात आपोआप बंद पडतं. रिमोटचं लाल बटण दाबलं की टीव्ही पूर्ण बंद होत नाही, तो झोपतो फक्त. महिनोन्‌महिने झोपून उठणाऱ्या टीव्हीत जुनं ओझं साचत जातं. मॅचच्या दिवशी दुपारी प्लग भिंतीतून काढा, एक मिनिट थांबा, परत लावा. नको असलेली ॲप उडवा. मॅचच्या ॲपची कॅशे, म्हणजे त्याने तात्पुरता साठवलेला पसारा, सेटिंगमध्ये जाऊन साफ करा. 'क्लिअर डेटा'ला मात्र हात लावू नका, त्याने लॉगिन जातं. ॲपचं अपडेटही दुपारीच उरका, टॉसच्या वेळी नाही.

वायफायचंही समजून घ्या. बहुतेक राउटर दोन लहरींवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ची लहर भिंती ओलांडून लांब जाते, पण अख्ख्या इमारतीतले राउटर तिच्यावर गर्दी करतात आणि संध्याकाळी साडेसातला ती तुंबते. टीव्ही राउटरच्या जवळ असेल तर तो ५ वर जोडा. आणि शक्य असेल तर वायफायचा नादच सोडून राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची केबल लावा. टीव्हीच्या मागे तिचं भोक असतं, कुणी वापरत नाही. एचडी मॅचला सलग आठ-दहा एमबीपीएस पुरतात, शंभरचा प्लॅन असून मॅच अडकते ती वेग कमी म्हणून नव्हे, वेग स्थिर नाही म्हणून. बाबांकडे दहा मीटरची केबल टाकली त्यानंतर वायफायची तक्रार आलेली नाही.

रोजचा डेटा मोजून न ठेवणं

७२०च्या दर्जाला तासाला साधारण एक ते दीड जीबी जातो, १०८०ला दोन ते तीन. टी-ट्वेंटी मॅच साडेतीन तासांच्या वर चालते. रोज दीड-दोन जीबीचा पॅक असलेल्याचा डेटा पहिल्या डावातच संपतो आणि वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. लोकांना वाटतं ॲप बिघडलं. प्रवासात पाहायचं असेल तर सुरुवातीपासून ३६० किंवा ४८० ठेवा. फोनच्या पडद्यावर धावफलक वाचायला तेवढं पुरतं.

शेजारच्या आरोळीवरून ॲपला नावं ठेवणं

वरच्या मजल्यावर "सिक्स!" ऐकू येतं आणि आपल्याकडे बोलर अजून रनअपला उभा असतो. हे फार जिव्हारी लागतं, मान्य. पण हा बिघाड नाही. मैदानातलं चित्र प्रसारण केंद्रात येतं, त्यावर समालोचन आणि धावफलक चढतो, मग त्याच्या लहान-मोठ्या दर्जाच्या अनेक प्रती होतात, प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पडतात आणि तुमचं ॲप असे दोन-तीन तुकडे हाताशी साठवल्यावरच दाखवायला लागतं. यात वीस ते चाळीस सेकंद सहज जातात. डीटीएचवर तुकडे पडत नाहीत, म्हणून शेजारी पुढे असतो.

आपल्या हातात इतकंच आहे: मध्ये पॉज केलं असेल तर परत आल्यावर 'लाइव्ह'चं बटण दाबा, नाहीतर तुम्ही तेवढे मागेच राहता. स्कोअरच्या नोटिफिकेशन बंद करा, कारण आकडे व्हिडिओच्या आधी पोचतात. आणि घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मॅचपुरतं म्यूट करा.

भाषेचंही असंच. २०२३च्या आयपीएलमध्ये जिओ सिनेमावर मराठी समालोचन सुरू झालं, केदार जाधव तिथे बोलत होता आणि ऐन हंगामात आरसीबीने त्याला संघात बोलावून घेतलं. मराठीतून मॅच ऐकायचा आनंद मी कुणाला सोडायला सांगणार नाही. फक्त भाषा टॉसच्या आधी निवडा. भाषा बदलली की अनेकदा वेगळा प्रवाह नव्याने सुरू होतो, आणि तो रंगात आलेल्या ओव्हरला अडकला तर चूक आपलीच.

मॅच कुठे आहे हे न पाहता पैसे भरणं

हक्क वाटलेले असतात आणि दर मालिकेला बदलतात. २०२५च्या उन्हाळ्यात भारताचा इंग्लंड दौरा टीव्हीवर सोनीकडे होता आणि मोबाइलवर जिओहॉटस्टारकडे. लगेच सप्टेंबरमधला आशिया कप मात्र सोनी लिव्हवर. "क्रिकेट तर याच ॲपवर असतं" या भरवशावर वर्षाचे पैसे भरलेले कितीतरी लोक तेव्हा हळहळले. मालिका कुणाकडे आहे ते आधी पाहा आणि शक्य तिथे छोट्या मुदतीचा प्लॅन घ्या.

प्लॅनच्या बारीक अक्षरांत तीन गोष्टी शोधा. तो फक्त मोबाइलचा आहे का, कारण तसा प्लॅन टीव्हीवर चालत नाही. एका वेळी किती स्क्रीन चालतात. मुलाने हॉस्टेलवर लॉगिन केलेलं असतं आणि इथे आजोबांची मॅच बंद पडते. आणि 'जाहिरातमुक्त' प्लॅनमधून लाइव्ह खेळ वगळलेला आहे का, बहुधा असतो. ही शेवटची गोष्ट कंपन्यांनी पैसे घेण्याआधी ठळक अक्षरात सांगायला हवी. लोक चिडतात ते योग्यच आहे.

रिचार्जबरोबर मिळणारं सबस्क्रिप्शन ज्या नंबरवर रिचार्ज केलं त्याच नंबराला जोडलेलं असतं. माझ्या आत्याने एका सिमवर रिचार्ज केला, ॲपमध्ये लॉगिन दुसऱ्या नंबराने होतं, आणि ती दोन आठवडे "पैसे गेले" म्हणून कष्टी होती. योग्य नंबराने लॉगिन केल्यावर दोन मिनिटांत काम झालं.

साडेसातची मॅच, सात पंचविसला पेमेंट

त्या पाच मिनिटांत यूपीआय अडकतं. खात्यातून पैसे गेले, ॲप म्हणतं प्लॅन नाही. घाईत माणूस दुसऱ्यांदा भरतो. कृपया भरू नका. दुकानदार किंवा कंपनीला केलेलं यूपीआय पेमेंट अर्धवट राहिलं, म्हणजे पैसे कापले गेले पण समोर पोचल्याची खात्री आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई मिळायला हवी. रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९चा नियम आहे हा. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि बँकेकडे याच नियमाचा उल्लेख करून लेखी तक्रार द्या.

आणि ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे ऑटोपे, म्हणजे दर मुदतीला आपोआप पैसे कापण्याची परवानगी, बंद झालं असं नाही. ते यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन रद्द करावं लागतं. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना यायलाच हवी. तो मेसेज वाचत चला.

क्लब हाऊसमध्ये प्रोजेक्टर, आवाज आहे, चित्र काळं

आमच्या सोसायटीत हे झालं तेव्हा सत्तर-ऐंशी माणसं बसली होती, मुलांनी गालावर तिरंगा रंगवला होता. लॅपटॉपवर मॅच दिसत होती, पडद्यावर अंधार. ॲपचा व्हिडिओ कुलूपबंद असतो आणि लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंत मधल्या प्रत्येक वस्तूला, स्वस्त कन्व्हर्टरलासुद्धा, त्या कुलपाची किल्ली असावी लागते. मधला जुना कन्व्हर्टर काढून टीव्हीची स्टिक सरळ प्रोजेक्टरला लावली तेव्हा चित्र आलं, पण पहिले सहा ओव्हर गेले होते. तीच वायर, तोच प्रोजेक्टर घेऊन आदल्या दिवशी पाहून घ्या. घरगुती सबस्क्रिप्शन सार्वजनिक प्रक्षेपणासाठी नसतं, तेही अटींत वाचा. जुन्या फोनवर किंवा साध्या बॉक्सवर चित्र ४८०च्या वर जातच नाही, त्याचंही कारण बऱ्याचदा हेच कुलूप असतं. नेट वाढवून उपयोग नाही.

परदेशात वडिलांचं लॉगिन

न्यू जर्सीतला भाचा पुण्याचं लॉगिन वापरायचा प्रयत्न करतो आणि 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. पैसे भरलेले असले तरी हक्क देशापुरते असतात. अमेरिकेत क्रिकेट मुख्यतः विलो या क्रिकेट चॅनेलवर असतं, तेच घ्यावं. व्हीपीएनने, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवून, ॲपला फसवायला गेलात तर ते ओळखलं जाऊन मॅचमध्येच बंद पडू शकतं.

'फ्री लिंक' आणि 'कस्टमर केअर'चा नंबर

टेलिग्रामवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप, फोनमध्ये टाकू नका. मॅच दिसेलही, पण ती फाइल अनेकदा तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागते, आणि बँकेचे ओटीपी मेसेजमध्येच येतात. ॲप अडकलं म्हणून नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं हे त्याहून वाईट. पहिलाच नंबर ठगांचा असू शकतो. तो गोड बोलतो, रिफंड देतो म्हणतो, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो. मदत फक्त ॲपच्या आतल्या 'हेल्प'मधून मागा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

खरोखर ॲपचाच दोष असेल तर नुसतं "बकवास ॲप" लिहून एक स्टार देऊ नका. वेळ, टीव्हीचं किंवा फोनचं मॉडेल, एररचा कोड, स्क्रीनचा फोटो आणि "दुसरा व्हिडिओ याच नेटवर चालत होता" एवढं लिहा. त्यांना टाळता येणार नाही. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दुसरी सोयही हाताशी ठेवा. २००७च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, त्यामुळे भारताच्या अनेक मॅचेस डीडी फ्री डिशवर महिन्याचं भाडं न देता दिसतात. खाजगी डीटीएचवर तो सामना डीडीच्या चॅनेलवर दिसत नाही. आयपीएल यात बसत नाही. आणि भारताच्या बऱ्याच मॅचेसचं समालोचन आकाशवाणीवर असतं.

भारताची मॅच असली की मी दुपारी चारला कराडला फोन करतो. "बाबा, टीव्हीचा प्लग काढून परत लावलात का? अपडेट झालं? भाषा मराठी आहे ना?" मग शेवटचा प्रश्न ते मला विचारू देत नाहीत, स्वतःच सांगतात, "रेडिओत नवे सेल घातलेत रे, काळजी करू नकोस."