विस्मरणात गेलेल्या बंडाची विश्वकोशात स्वतंत्र नोंद करावी का? कसं ठरवाल?

आपल्या तालुक्यात इंग्रजांविरुद्ध कधीकाळी उठाव झाला होता असं कळलं, की तो लगेच विकिपीडियावर नोंदवावासा वाटतो. ती तळमळ मोलाचीच आहे, पण नोंद कुणी तपासली तरी टिकली पाहिजे. कोल्हापूर संस्थानातलं १८४४ चं गडकऱ्यांचं, म्हणजे किल्ले राखणाऱ्यांचं, बंड उदाहरणाला घेऊन पाहू.

आधी नावं गोळा करा. हीच घटना कुठे ‘गडकऱ्यांचा उठाव’ म्हणून येते, कुठे ‘सामानगडचं बंड’ म्हणून, तर कुठे नुसतीच ‘कोल्हापुरातील दंगा’ म्हणून. जुन्या इंग्रजी कागदांत सामानगडाचं ‘समनघर’ झालेलं असतं. एकाच नावाने शोधून ‘काही सापडत नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

मग साधनं, म्हणजे माहितीचे मूळ आधार, मोजा, आणि यात घाई नको. दहा लेख सापडले म्हणजे दहा साधनं सापडली असं होत नाही. ते दहाही शेजारी शेजारी ठेवून वाचा. तेच तपशील, त्याच क्रमाने, तीच चूकही तशीच उतरलेली दिसली, तर सगळ्यांचं मूळ एकच आहे. कोल्हापूरच्या बाबतीत ते मूळ बहुधा १८८६ चं गॅझेटिअर (प्रदेशाची माहिती देणारा ग्रंथ) असतं. ते बंडानंतर ४२ वर्षांनी आलं आणि तेही सरकारनेच काढलेलं. म्हणून त्या काळचा पत्रव्यवहार, लष्करी अहवाल, वर्तमानपत्रं आणि ते कागद स्वतः चाळून लिहिणारे नंतरचे अभ्यासक यांची मोजदाद वेगळी करा. एकमेकांवर न विसंबणारी निदान दोन सविस्तर साधनं हाती असल्याशिवाय मी तरी स्वतंत्र नोंदीला हात घालणार नाही.

यानंतर परिणाम पाहा. किती माणसं लढली यापेक्षा त्यामुळे काय बदललं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या किल्ला राखणारी आणि त्याबद्दल जमिनी कसणारी घराणी. राजा अल्पवयीन, कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती. नव्या व्यवस्थेत या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली गेल्या. पोटावरच पाय आला, तेव्हा सामानगड आणि भुदरगडाने दरवाजे लावून घेतले. कंपनीची फौज आली, ऑक्टोबरात सामानगड पडला. तरीही बंडवाल्यांनी कर्नल ओव्हान्सला पकडून पन्हाळ्यावर डांबलं. १ डिसेंबरला पन्हाळाही पडला. वणवा शेजारच्या सावंतवाडीतही पोचला होता. कारण, नेतृत्व, विस्तार, शेवट, सगळं नोंदलेलं आहे. हे बंड स्वतंत्र नोंदीला नक्कीच पात्र आहे.

लिहिताना कागदातले शब्द जसेच्या तसे उचलू नका. पुण्यात १८३२ मध्ये फाशी गेलेले उमाजी नाईक सरकारी दप्तरात दरोडेखोर होते. ‘सरकारी अहवालात त्यांना दरोडेखोर म्हटले आहे’ असं लिहिलं, की शब्द कुणाचा ते वाचणाऱ्याला कळतं. उलट बाजूनेही तेच पाळा. साधनात नसताना प्रत्येक दंग्याला ‘स्वातंत्र्यसंग्राम’ म्हणू नका. गावातल्या आठवणी, पोवाडे, बुरुजाजवळची समाधी यांचा उल्लेख जरूर करा, मात्र ‘स्थानिक आख्यायिकेनुसार’ असं स्पष्ट सांगून.

आणि ‘अमुक गावच्या लोकांनी कचेरी जाळली’ एवढी एकच ओळ मिळाली तर? ती टाकून देऊ नका. संस्थानाच्या किंवा तालुक्याच्या लेखात ‘ब्रिटिश काळ’ या विभागात साधनाच्या पृष्ठ क्रमांकासह दोन वाक्यं लिहा. त्या बंडाच्या नावाने शोधणारा तिथे पोचेल असं पुनर्निर्देशनही करून ठेवा. पुढे एखाद्याला पुराभिलेखागारात त्याच बंडाचं बाड सापडलं, तर त्याला सुरुवात कुठून करायची ते ठाऊक असेल.