चुंबकाने तापणाऱ्या जेलमधून डीएनए सोडण्याच्या प्रयोगाची पूर्वतयारी

या प्रयोगात जेलमध्ये मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) बारीक कण आणि डीएनए भरतात; सतत दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात कण तापतात, जेल आकसते आणि डीएनए बाहेर पडतो. सांगलीतील प्रयोगशाळेत हा प्रयोग एप्रिल-मे महिन्यांत करायचा असेल, तर सर्वांत आधी खोलीचे तापमान पाहावे. पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलअमाइडचे जेल सुमारे ३२ अंश सेल्सिअसला आकसते आणि जाळीतील पाण्यासोबत सैल अडकलेला डीएनएही बाहेर टाकते. आपल्याकडची उन्हाळी दुपार त्याहून बरीच तापत असल्याने चुंबकीय क्षेत्र सुरू होण्याआधीच जेल रिकामे होऊ शकते. शरीराचे तापमान ३७ अंश असल्यामुळे जनुकोपचारातही (शरीरात जनुके पोहोचवून केलेल्या उपचारातही) हीच अडचण येते, म्हणून जेल बनवतानाच त्यात थोडे ॲक्रिलअमाइड मिसळून हा उंबरठा चाळिशीपर्यंत न्यावा. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये जेल तासभर ठेवून आपोआप किती डीएनए गळतो हे आधी मोजावे. मात्र साधा वॉटर बाथ पाणी थंड करू शकत नाही, त्यामुळे हे काम सकाळीच उरकावे. ही नोंद हाती नसेल, तर पुढचे आकडे माझ्या मते निरर्थक आहेत.

डीएनए बारीक तुकडे केलेला, सॅमन माशाचा घ्यावा, कारण लांब रेणू जाळीत सहज शिरत नाहीत. पुनःसंयोजित प्लाझ्मिड (बाहेरचे जनुक जोडलेला वर्तुळाकार डीएनए) वापरायचे असल्यास संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्यावी. स्वस्त पडते म्हणून डीएनएऐवजी मिथिलीन ब्लू हा रंग वापरून चाचणी घेण्याचा मोह होतो. पण त्याचा भार धन आणि डीएनएचा ऋण, त्यामुळे एकाच्या वेगावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

मॅग्नेटाइटचे कण फेरस आणि फेरिक क्षार १:२ प्रमाणात घेऊन अमोनियाने अवक्षेपित करावेत आणि उदासीन होईपर्यंत धुवावेत. स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडी येथे उपयोगाची नाही; तिची वारंवारता काही दहा किलोहर्ट्झ असते, तर या कणांसाठी साधारणपणे शंभर किलोहर्ट्झच्या पुढचे प्रत्यावर्ती (दिशा बदलत राहणारे) क्षेत्र लागते. कॉइल तांब्याच्या नळीची असावी आणि तिच्यातून थंड पाणी फिरत राहावे, कारण कॉइल स्वतःही तापते. म्हणूनच कण नसलेले जेल त्याच कॉइलमध्ये, तेवढाच वेळ ठेवून पाहणे अनिवार्य आहे. धातूचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) क्षेत्रात स्वतः तापून खोटे तापमान दाखवतो, त्यामुळे ऑप्टिकल फायबरचा सेन्सर मिळवावा.

बाहेर पडलेल्या डीएनएची मोजणी २६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात, तो किती शोषला जातो त्यावरून करावी. लोहाचे कणही तेथे प्रकाश शोषतात, त्यामुळे नमुना आधी सेंट्रिफ्यूज करावा आणि डीएनए नसलेल्या जेलभोवतालचा द्राव ब्लँक (तुलनेचा शून्य नमुना) म्हणून ठेवावा. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला कॉइलजवळ येऊ देऊ नये, अंगठ्या काढून ठेवाव्यात, आणि ॲक्रिलअमाइड मज्जासंस्थेला घातक असल्याने हातमोजे व टाकाऊ द्रावासाठी झाकणाची वेगळी बाटली आदल्या दिवशीच टेबलावर ठेवावी.