चीनमध्ये गल्लीतल्या डोंगबेई हॉटेलात पोटभर कसं जेवायचं

ईवूला माल बघायला किंवा ग्वांगझोऊला कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला जाणारे आपले लोक बहुतेक वेळा इंडियन रेस्टॉरंट शोधत फिरतात, नाहीतर रूमवर ठेपले आणि मॅगीवर दिवस काढतात. त्यातले जरा धीट असतात ते सिचुआनी हॉटेलात शिरतात कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की तिकडे तिखट मिळतं, आणि मग जीभ बधिर करून बाहेर येतात. माझं ऐकाल तर सुरुवात डोंगबेई जेवणापासून करा. डोंगबेई म्हणजे चीनचा ईशान्य भाग, ल्याओनिंग, जिलिन आणि हेलोंगच्यांग हे तीन प्रांत, जुना मांचुरिया तो हाच. (मांचुरियन मागू नका हां, ते मुंबईत नेल्सन वांग यांनी 1975 साली काढलेलं प्रकरण आहे, तिथे कोणाला माहीत नाही.) तिकडची माणसं कामधंद्यासाठी देशभर पांगलीयेत त्यामुळे शांघाय असो की शेनझेन, सोसायट्यांच्या मागच्या गल्लीत एखादं डोंगबेई घरगुती हॉटेल सापडतंच. डालियान, जिनझोऊ, हार्बिनकडे एमबीबीएसला असलेल्या आपल्या पोरांना तर शोधायचीही गरज नाही.

हॉटेल कसं निवडायचं? लॅमिनेट केलेला फोटोवाला मेनू किंवा भिंतीवर लावलेले डिशचे फोटो, साधी टेबलं, आजूबाजूला राहणारे लोक लेकरांना घेऊन जेवताहेत, बस. आणि वेळेवर जा. दुपारी साडेअकरा ते एक, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ही तिथली जेवायची वेळ आहे. आपल्या सवयीने रात्री नऊला गेलात तर लहान हॉटेलात खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या दिसतील.

आता मुद्द्याचं, म्हणजे ऑर्डर. आपल्याकडे चायनीजला गेलो की प्रत्येकजण आपापलं मागवतो, तुझं हाक्का माझं ट्रिपल राइस. तिथे तसं करू नका. डिश सगळ्या टेबलाच्या मध्ये येतात आणि सगळे त्यातनंच खातात, त्यामुळे मागवताना अख्ख्या टेबलाचा विचार करायचा, एक गार डिश, एक भाजी, जमलं तर एक मांसाची किंवा अंड्याची, आणि सोबत भात. डोंगबेईची प्लेट ही परात म्हणावी इतकी मोठी असते. दोघं असाल तर दोन डिश आणि भात पुरे, तिसरी हवीच असेल तर आधीच्या दोन आल्यावर ठरवा. आणि भात लवकर हवा असेल तर तसं सांगा, नाहीतर बऱ्याच ठिकाणी तो शेवटी येतो आणि तोपर्यंत तुम्ही नुसती भाजी खाऊन बसलेले असता. भात चिकटसर असतो, हेलोंगच्यांगमधल्या वूचांगचा तांदूळ तर चीनभर प्रसिद्ध आहे, तो चॉपस्टिकने उचलायलाही सोपा पडतो. फक्त चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवू नका, मेलेल्या माणसापुढे उदबत्त्या लावल्यासारखं दिसतं ते त्यांना.

गार डिशमध्ये ठेचलेली काकडी मागवा, पाय ह्वांगग्वा. काकडी सुरीच्या पात्याने दणका देऊन फोडतात मग तुकडे करतात, त्यामुळे कडा वेड्यावाकड्या होतात आणि लसूण, व्हिनेगर, मीठ त्या खाचांमध्ये जाऊन बसतं, सरळ चकत्यांना ती चव येत नाही. अजून एक आहे लाओहू त्साय, हिरवी मिरची, पातीचा कांदा, कोथिंबीर, काकडी एकत्र कालवलेली. मराठी माणसाला आवडणार म्हणजे आवडणारच.

आणि मग दी सान श्येन. या एका डिशसाठी मी सगळ्यांच्या मागे लागतो. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, एवढंच. पण तिन्ही वेगवेगळे तळतात, बटाटा बाहेरून कडक होईपर्यंत, वांगं आतून लोण्यासारखं होईपर्यंत, मिरची नुसती तेलातून काढल्यासारखी, मग सोया सॉस, लसूण आणि थोड्या स्टार्चच्या पाण्यात सगळं एकदाच मोठ्या आचेवर परततात. बटाट्याला तो सॉस पातळ थरासारखा चिकटतो पण कडा कुरकुरीतच राहतात, त्यामुळे आल्या आल्या खा, गप्पा मारत बसलात तर मऊ पडतं. तेलकट आहे, खोटं कशाला बोलू, पण भातावर घेतलं की तेल जाणवत नाही. तसंच बटाट्याची लांब बारीक सळ्या कापलेली भाजी मिळते, व्हिनेगर आणि सुक्या लाल मिरचीची. ती तोंडात कचकच लागते आणि आपल्याला वाटतं कच्ची राहिली, परत पाठवू नका! कापल्यावर पाण्यात धुऊन स्टार्च काढतात आणि मिनिटभरच परततात, ती तशीच हवी असते.

मांस खात असाल तर ग्वो बाओ रौ, हार्बिनची डिश, डुकराच्या मांसाचे पातळ काप बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळून दोनदा तळलेले, वर साखर-व्हिनेगरचा सॉस. प्लेट समोर आली की व्हिनेगरच्या वाफेने ठसका लागला पाहिजे, मग समजायचं ताजी आहे. ल्याओनिंगच्या बाजूला त्यात केचप घालतात आणि हार्बिनवाले त्यावरून नाकं मुरडतात, मी हार्बिनवाल्यांच्या बाजूने. चौघं-पाचजण असाल आणि वेळ असेल तर लोखंडी कढईतला रस्सा घ्या, कढई टेबलातच बसवलेली असते आणि तिच्या आतल्या कडेला मक्याच्या पिठाच्या जाड भाकऱ्या थापतात.

च्याओझ म्हणजे डंपलिंग बऱ्याच ठिकाणी वजनावर मिळतात. एक ल्यांग म्हणजे 50 ग्रॅम, तेही कणकेचं वजन, त्यात साधारण पाच-सहा येतात. एक जीन मागितलं तर अर्धा किलो कणकेचे येतील, मग बसा. टेबलावर काळं व्हिनेगर असतं ते वाटीत ओता, लसणीच्या कच्च्या पाकळ्या मागा, एक घास च्याओझचा एक चावा लसणीचा, असं खातात तिथले लोक. हिवाळ्यात गेलात तर व्हिनेगरमध्ये मुरवलेली हिरवीगार लसूण मिळेल, रंग बघून घाबरू नका. आणि च्याओझ ज्या पाण्यात उकडले ते गरम पाणी मागून प्या, आपल्या पेजेसारखं लागतं, पैसे घेत नाहीत त्याचे.

शाकाहारी लोकांनी नीट वाचा. मेनूवर नुसतं मांस लिहिलेलं असेल तर ते डुकराचं समजा. भाजीत चव यावी म्हणून थोडा खिमा टाकणं त्यांना अगदी साधी गोष्ट वाटते, फरसबीत हमखास असतो, आणि मांस नको म्हटलं तरी ऑइस्टर सॉस किंवा चिकन पावडर पडू शकते कारण त्यांच्या लेखी ते मांस नाहीच. अंडं आणि कांदापातीसारख्या ज्योउत्साय पानांचे च्याओझ मिळतात, त्यात कधीकधी बारीक सुकी कोलंबी घालतात. म्हणून मांस, मासे, कोलंबी, ऑइस्टर सॉस, चिकन पावडर, चरबी यातलं काही नको असं चिनीत भाषांतर करून फोनवर सेव्ह करून ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा, तरी एकाच कढईत सगळं होतं हे धरून चाला. कडक पाळणाऱ्यांनी बौद्ध शाकाहारी हॉटेल बघावं, तिथे बऱ्याचदा कांदा-लसूणही नसतो.

बाकी किरकोळ. ऑर्डर बहुतेक ठिकाणी टेबलावरचा कोड स्कॅन करून असते, अलीपे या पैसे भरायच्या अ‍ॅपला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड भारतातूनच जोडून जा. वेटरला फूवूयुआन अशी मोठ्याने हाक मारली तरी तिथे कोणी वाईट मानत नाही. बिअर साधी मागितली तर कोमट येऊ शकते, थंड हवी तर बिंग द म्हणा. प्लॅस्टिकमध्ये पॅक केलेला वाटी-प्लेटचा सेट असेल तर काही ठिकाणी त्याचे एक-दोन युआन लागतात. टिप ठेवायची नाही, ठेवलीत तर पैसे विसरले म्हणून मागे पळत येतील.

गोडात रताळ्याची बा स्स दीग्वा नक्की घ्या. तळलेल्या रताळ्याच्या फोडी गरम साखरेच्या पाकात घोळवलेल्या, उचललं की पाकाच्या तारा हातभर लांब ओढल्या जातात. सोबत गार पाण्याची वाटी येते ती प्यायला नाही, फोड त्यात बुडवायची, पाक काचेसारखा कडक होतो आणि जीभही भाजत नाही. उरलेलं बाकी सगळं दाबाओ म्हणून सांगितलं की पॅक करून देतात, हे मात्र तिथेच संपवा, पाक थंड झाला की अख्ख्या प्लेटचा एकच दगड होतो.