पांढरी भिंत, काचेची फट आणि मे महिना: या चुका टाळा

मिनिमलिस्ट घर म्हणजे सामान कमी करायचं आणि सगळं पांढरं रंगवायचं, एवढंच बऱ्याच जणांनी धरून ठेवलंय. अशा घरात शोभेला उरतात ऊन आणि सावली, आणि नेमका त्यांचाच विचार स्लॅब पडल्यावर सुरू होतो.

मला सगळ्यात जास्त छळलेली चूक म्हणजे काचेच्या फटीखाली घाईचा गिलावा. साताऱ्यात शाहूपुरीतल्या एका बंगल्यात जिन्याच्या भिंतीलगत स्लॅबमध्ये सहा इंची फट ठेवली होती, वर काच. कल्पना जपानी वास्तुरचनाकार तादाओ आंदोंच्या १९८९च्या चर्चचा फोटो पाहून सुचलेली. पण ते चर्च ओसाकाजवळ. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. साताऱ्यात वर्षातून दोनदा येतो, त्यातला एक दिवस १० मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास. वास्तुशांत नेमकी त्याच आठवड्यात. मुहूर्त गाठायचा म्हणून गिलाव्यावर सपाटीची पट्टी न फिरवताच पुट्टीचे दोन हात मारले होते. पंगत बसत होती आणि ऊन भिंतीला घासून सरळ खाली उतरलं. थापीचा प्रत्येक फटकारा उठून दिसला. भिंत नांगरलेल्या रानासारखी. गवंडी म्हणाले, "साहेब, पुट्टीचा अजून एक हात मारू." पुट्टीचा थर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा आणि खळगे पाच मिलिमीटरचे! शेवटी भिंत छिन्नीनं टोचून नव्यानं गिलावा केला, माणसं राहायला आलेली असताना.

तेव्हापासून गिलावा ओला असेल त्याच रात्री मी साइटवर जातो. हॅलोजन भिंतीला टेकवून उजेड आडवा सोडायचा, सावली पडेल तिथे खडूनं गोल. दुरुस्ती त्याच वेळी.

दुसरी चूक पश्चिमेची. यवतेश्वराचा डोंगर दिसावा म्हणून सात फुटी काच लावतात आणि वर दीड फुटी छज्जा. एप्रिलमध्ये साडेचारला सूर्य जेमतेम तीस अंशांवर असतो. त्या छज्ज्याची सावली काचेवर फूटभरसुद्धा उतरत नाही. मग दुपारभर पडदे. हाच छज्जा दक्षिणेला चार फुटी खिडकीवर घाला: मार्चअखेरीपासून दुपारचं ऊन बाहेर राहतं, डिसेंबरात आत येतं. पश्चिमेला काच लहान ठेवा, भिंतीत खोल घ्या, नाहीतर बाहेरून उभ्या पट्ट्या लावा.

चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी उन्हात डोळे दिपवते, मॅट घ्या. छताच्या मधोमध एकच ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर-पांढऱ्या उजेडाचा, पॅनेल लावला की सावली मरते. ३०००चे पिवळसर दिवे कडेला लावा.

घाईतली मंडळी मोबाइलवरचं सूर्याचं ॲप दाखवतात. वापरा, पण शेजारची तीन मजली इमारत त्या ॲपमध्ये नसते. मी प्लॉटवर बांबू रोवतो आणि दहाची, बाराची, चारची सावली चुन्यानं आखून ठेवतो, एकदा डिसेंबरात, एकदा मेमध्ये. पाच महिने थांबावं लागतं. ज्यांना तेवढं थांबायचं नसतं, त्यांना मी छतात फट देत नाही.