घटना वाचायला मी कुठून सुरुवात केली

लॉच्या पहिल्या वर्षाला राज्यघटनेच्या पेपरात मला बेचाळीस मार्क पडले. अनुच्छेद १२ ते ३५, म्हणजे मूलभूत हक्कांचा भाग, मी घडाघडा म्हणायचे, होस्टेलच्या मुली माझ्याकडून पाठ करून घ्यायच्या. त्यांना पंचावन्नच्या वर आणि मला बेचाळीस. प्रश्न होता, पालिकेने नोटीस न देता एकाची झोपडी पाडली, त्याने काय करावं? आणि मी जगण्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१ चं वाक्य जसंच्या तसं उतरवून आले होते.

पुढे ज्या सिनियर वकिलांकडे ज्युनियरशिप केली, त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक निवाडा पुढ्यात टाकला. म्हणाले, "कलमं राहू देत. कोण आलंय, कुणाविरुद्ध आलंय आणि शेवटी त्याच्या पदरात काय पडलं, एवढं सांग."

निवाडा होता ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका, १९८५ चा. नाव पत्रकार बाईंचं, पण माझी नजर अडकली ती संगमनेरहून आलेल्या एका याचिकाकर्त्यावर. गावी चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. घर पडलं तसा १९६९ ला मुंबई गाठली, बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपये. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लास्टिकला ७०० गेले. म्हणजे तीन महिन्यांचा जवळजवळ सगळा पगार. जुलै १९८१ मध्ये फुटपाथवरच्या लोकांना हटवून गावी पाठवायची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

घटनापीठ, म्हणजे घटनेच्या प्रश्नांसाठी बसलेलं पाच न्यायमूर्तींचं पीठ, म्हणालं, पोट भरायचं साधन हिरावलं तर जगण्याचा हक्क उरतच नाही, म्हणून उपजीविकाही अनुच्छेद २१ मध्ये येते. पुस्तकं इथे थांबतात. मी शेवटची पानं वाचली. नोटीस न देता अतिक्रमण काढायचा अधिकार देणारं पालिका कायद्याचं कलम ३१४ वैध ठरलं होतं, फक्त तो अधिकार अपवादानेच वापरायचा. लोकांना ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा उलटेपर्यंत हलवायचं नव्हतं. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यायची होती, पण ती दिल्याशिवाय हटवायचं नाही अशी अट नव्हती. तत्त्व जिंकलं, फुटपाथ गेला. सिनियरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसता चहा मागवला.

नव्याने शिकणाऱ्यांची, आणि खरं तर सगळ्यांचीच, सर्वांत नेहमीची चूक म्हणजे "कुणाविरुद्ध" हे न बघणं. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, सोसायटीच्या चेअरमनवर अनुच्छेद १९ (बोलण्या-फिरण्याची वगैरे स्वातंत्र्यं) लावा म्हणून! मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतात, म्हणून 'राज्यसंस्था' म्हणजे कोण हे सांगणारा, रटाळ वाटणारा अनुच्छेद १२ आधी वाचायचा. खासगी माणसालाही थेट बांधणारे थोडेच आहेत, उदाहरणार्थ अस्पृश्यतेचा १७, वेठबिगारीचा २३, दुकान-हॉटेलात मज्जाव करण्याबद्दलचा १५ (२). चेअरमनसाठी सहकार कायदा आहे, तिकडे जा. मालमत्तेचा हक्कही मूलभूत राहिलेला नाही, ४४ व्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद ३००-अ मध्ये, मूलभूत हक्कांच्या बाहेर गेला. जमिनीचे वाद घेऊन येणाऱ्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो.

दुसरी गोष्ट स्वतःच्या केसमधून कळली. सकाळी सातला एक आई दारात. "मॅडम, पोराला काल रात्री जेवणावरनं उठवून नेलंय." पोलीस ठाण्यात गेले तर उत्तर, "अटक कुठाय? चौकशीला बोलावलंय." अटक दाखवली दुपारी दोनला. अनुच्छेद २२ म्हणतो, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. पण घड्याळ सुरू कधी होतं? मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये कस्टमच्या एका प्रकरणात सांगून ठेवलंय: माणसाची मोकळीक काढून घेतली तेव्हापासून, कागदावर लिहिलेल्या वेळेपासून नव्हे. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानाचा कॅमेरा होता. त्यात गाडी रात्री ९ वाजून १० मिनिटांनी दिसली. मुलाला कोर्टात आणलं ते अटक दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, म्हणजे चोवीस तास केव्हाच उलटले होते. मी ती वेळ अर्जात घातली. न्यायाधीशांनी मुलालाच विचारलं, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, ती वेळ आली, पोलीस कोठडी मिळाली नाही.

तेव्हा अटकेच्या पंचनाम्यावर आधी वेळ बघा, मग साक्षीदाराची सही. डी. के. बसू प्रकरणात (१९९७) कोर्टाने हे बंधनकारक केलं, आणि त्या प्रकरणाची सुरुवात एका पत्राने झाली होती. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जायचं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. टोल फ्री नंबर १५१००. आमच्या आवारात समितीची पाटी कँटीनच्या मागे आहे, कुणाला दिसत नाही.

वाचायचं कुठे? सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहावर निवाडे फुकट मिळतात, काही मराठीतही. भाषांतर वाचताना दाताखाली खडे येतात, पण अडलं तिथे इंग्रजी मजकुराशी ताडून बघता येतं. महिन्याला एकच निवाडा घ्या, तोही शेवटच्या पानापर्यंत.

आणि रिट याचिका, म्हणजे हक्कासाठी सरकारला आदेश द्या म्हणून थेट वरच्या कोर्टात केलेला अर्ज, प्रत्यक्ष बघायची असेल तर अनुच्छेद ३२ चं दिल्लीतलं सुप्रीम कोर्ट विसरा, २२६ चं उच्च न्यायालय धरा. त्याचा आवाकाही मोठा आहे, मूलभूत हक्कांपलीकडच्या तक्रारीही तिथे चालतात. आम्ही सांगलीकडचे लोक रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं पीठ) बसतं, सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मागच्या बाकावर बसा, मोबाइल बंद ठेवा आणि सरकारी वकिलाला न्यायमूर्ती पहिला प्रश्न कोणता विचारतात तो लिहून घ्या.