व्हायरस मेलमधून फाइली बाहेर पाठवतो का? पाठवतो. मग महा ई-सेवा केंद्रावरचा कॉम्प्युटर सांभाळायचा कसा?

ही करामत नवी नाही. मार्च १९९९ मधला मेलिसा हा वर्डचा मॅक्रो व्हायरस, म्हणजे वर्डच्या फाइलच्या आतच दडलेला छोटा प्रोग्राम. तो आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर वर्डची फाइल धाडायचा, आणि लागण आपल्याच एखाद्या फाइलला झालेली असली तर तीच फाइल गावभर व्हायची. जुलै २००१ मधला सरकॅम त्याच्याही पुढचा. तो 'माय डॉक्युमेंट्स'मधली एखादी फाइल उचलायचा, स्वतःला चिकटवायचा आणि अ‍ॅड्रेस बुकातल्या लोकांना पाठवायचा. मेल पाठवायची सोय त्याच्या पोटातच होती, आउटलुक लागायचं नाही.

म्हणून 'सेंट' फोल्डर बघून निर्धास्त होऊ नका. व्हायरस स्वतः मेल पाठवतो तेव्हा तिथे काहीच उमटत नाही.

आताच्या चोरांना फाइली वाटण्यात रस नाही, त्यांना त्या स्वतःकडे हव्यात. २०१४ पासून फिरणारा एजंट टेस्ला नावाचा हेर प्रोग्राम ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, दाबलेली बटणं आणि स्क्रीनचे फोटो गोळा करून बऱ्याचदा मेलनेच चोराला पोचवतो. यावल-रावेरकडे फळपीक विम्याचे अर्ज भरायचे दिवस आले की महा ई-सेवा केंद्राच्या 'डाउनलोड्स'मध्ये आधार, सातबारा, आठ-अ, पासबुकाची पानं यांचा ढीग लागतो. चोराला आयतंच.

आत येतो कसा

मेल येतो, 'गाडी हिशोब सावदा' किंवा 'पेमेंट स्लिप' नावाचा. अटॅचमेंटवर पीडीएफचं चित्र, नाव 'हिशोब.पीडीएफ'. खरं नाव 'हिशोब.पीडीएफ.ईएक्सई' असतं, पण विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी टोकाची अक्षरं, लपवून ठेवते. ते आधी उघडं करा: फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स. विंडोज १० मध्ये व्ह्यू टॅबवरच टिकमार्क आहे.

एवढ्याने काम संपत नाही. एलएनके आणि पीआयएफ ही एक्स्टेन्शन्स टिकमार्क लावूनही दिसत नाहीत, आणि सरकॅमने नेमकी तीही वापरली होती. त्यामुळे फाइल आधी सेव्ह करा, व्ह्यू 'डिटेल्स'वर ठेवा आणि 'टाइप' हा रकाना वाचा. पीडीएफ म्हणून आलेल्या फाइलसमोर 'अ‍ॅप्लिकेशन' किंवा 'शॉर्टकट' लिहिलं असेल तर उघडायचीच नाही, सरळ डिलीट.

झिपला पासवर्ड आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला, हा तर ठरलेला डाव. पासवर्डमुळे स्कॅनरला आत डोकावता येत नाही. व्यापारी ओळखीचा असला तरी फोन लावून विचारा. त्याचाच मेल चोराच्या हाती गेलेला असू शकतो.

बाहेर काही जातंय का, हे बघायचं कसं

स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा, नेटवर्क टॅब उघडा, त्यातली टीसीपी कनेक्शन्सची यादी बघा. 'रिमोट पोर्ट' या रकान्यात, म्हणजे समोरच्या मशीनच्या दाराच्या क्रमांकात, २५, ४६५ किंवा ५८७ दिसलं तर त्या ओळीतला प्रोग्राम मेल पाठवतो आहे. तो आउटलुक किंवा थंडरबर्ड असेल तर ठीक. ब्राउझरमधलं जीमेल ४४३ या वेबसाइटच्या नेहमीच्या पोर्टवरून चालतं, त्यामुळे ते या यादीत ५८७ वर येणारच नाही. अनोळखी नावाचा प्रोग्राम ५८७ वर बोलताना दिसला की नेटची केबल काढा. ही तपासणी एका बाजूचीच आहे, हेही लक्षात ठेवा: बरेच चोर ४४३ वरूनच माल नेतात आणि ते ब्राउझरच्या गर्दीत मिसळून जातात.

दुसरी वाट जास्त वापरात आहे. मेलचा पासवर्ड चोरला की कॉम्प्युटरला हात लावायची गरजच उरत नाही. ग्राहकांनी चार वर्षांत पाठवलेली सगळी कागदपत्रं मेलबॉक्समध्ये बसलेली असतात. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप' आणि 'फिल्टर्स' ही दोन पानं महिन्यातून एकदा बघा. तिथे आपण न टाकलेला पत्ता असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही नवीन मेलची प्रत तिकडे जात राहते. पासवर्ड बदलून मोकळे होणारे इथेच फसतात.

काय उपयोगी, काय नाही

विंडोज सिक्युरिटीमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू केलं म्हणून फाइली चोरीला जाणार नाहीत असं नाही. ते फाइल बदलू देत नाही, वाचण्यावर बंदी घालत नाही. फाइलींना कुलूप घालून पैसे मागणाऱ्या खंडणीवाल्या व्हायरससाठी चांगलं, चोरासाठी नाही. डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरचंही तसंच: लॅपटॉप चोरीला गेला तर कामाचं, मशीन चालू असताना व्हायरसला सगळं उघडंच दिसतं.

खरा उपाय म्हणजे माल कमी ठेवणे. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, स्टोरेज सेन्स: तिथे 'डाउनलोड्स' आणि रिसायकल बिन दोन्हींसाठी १ दिवस निवडता येतो. आधी त्या फोल्डरमधलं कामाचं दुसरीकडे हलवा, नाहीतर तेही जाईल. स्कॅनर बहुतेक वेळा वेगळ्याच फोल्डरमध्ये फाइली टाकतो, तो रोज संध्याकाळी हातानेच रिकामा करायचा. ठेवावंच लागणारं रेकॉर्ड सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये पासवर्ड, एईएस-२५६ हे कुलूप आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' लावून ठेवा. पासवर्ड डेस्कटॉपवरच्या नोटपॅडमध्ये लिहून ठेवला तर कुलूप लावून किल्ली तिथेच टांगल्यासारखं. आधार मागायचंच तर मास्क केलेलं, म्हणजे शेवटचे चार आकडेच दिसणारं मागा, चालत असेल तिथे.

हिशोबाचं काम आणि मेल एकाच विंडोज खात्यात करू नका. मेलसाठी वेगळं 'स्टँडर्ड' खातं काढा. त्या खात्यात शिरलेला व्हायरस सहसा दुसऱ्या खात्याचं 'डॉक्युमेंट्स' वाचू शकत नाही. डिजिटल सहीचं टोकन काम झालं की काढून ड्रॉवरमध्ये.

संशय पक्का झाला तर

केबल काढा, वाय-फाय बंद करा, पण लगेच फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. त्याच मशीनवर बदललात तर नवा पासवर्डही चोराला मिळतो. सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मग विंडोज सिक्युरिटीमधलं डिफेंडर ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होतं, साधारण १५ मिनिटं लागतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होत जातं.

आणि ज्यांची कागदं त्या मशीनवर होती त्यांना सांगा. खरेदीखताचं स्कॅन असेल तर आधी त्यांना: त्या कागदावर अंगठ्याचा ठसा असतो, आधार क्रमांकही बरोबरच्या कागदांत सापडतो, आणि या दोन्हींवर आधार बँकिंगमधून, म्हणजे आधार क्रमांक आणि अंगठा लावून होणाऱ्या व्यवहारातून, पैसे काढल्याचे प्रकार झाले आहेत. त्यांच्याकडून आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक लगेच करून घ्या.