डबा द्यायचा की शाळेतली खिचडी?
नाशिकला मनपाच्या किंवा अनुदानित शाळेत पोरगं पहिली ते आठवीत असेल तर पोषण आहार फुकट मिळतो, पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन, पुढे ७०० आणि २०, कागदावर तरी बरंय. पण आधी मधल्या सुट्टीत एकदा जाऊन या, खिचडीत डाळ दिसते का नुसता पिवळा भात ते बघा, हात धुवायला पाणी आहे का तेही. आवडीने खात असेल तर पूर्ण डबा कशाला, छोट्या डबीत शेंगदाण्याचा लाडू नाहीतर सीझनला द्राक्षं, बास. खातच नसेल तर पोळी आणि सुकी भाजी, एप्रिलमध्ये दहीभात नको, दुपारपर्यंत आंबतो. आणि हो, झाकण त्याला स्वतःला उघडतं का ते घरीच चेक करा!